अर्धवट अपडेट आणि अडकलेला संगणक

संगणकाच्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे वर्तुळ फिरत राहावे, त्याखाली अपडेटचे काम अमुक टक्के झाले असून यंत्र बंद करू नये अशी सूचना उमटलेली असावी, आणि तासामागून तास लोटले तरी तो टक्क्यांचा आकडा जागचा हलू नये, हा प्रसंग संगणक बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी मनुष्याचे चित्त दोन शंकांनी व्यापलेले असते. यंत्र आतून काही करीत आहे की निश्चेष्ट पडले आहे, ही पहिली. आणि आपली छायाचित्रे, हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध, मुलांचे दाखले हे सर्व सुखरूप आहे की नाही, ही दुसरी. पहिलीचे उत्तर थोड्या निरीक्षणाने मिळते. दुसरीचे उत्तर त्या क्षणी तरी बहुधा 'सुखरूप आहे' असेच असते. पुढे ते तसेच राहील की नाही, हे मात्र अपडेटच्या अपयशापेक्षा त्यानंतर आपण कोणते उपाय कोणत्या क्रमाने योजतो यावर अधिक अवलंबून असते. जो उपाय मागे घेता येतो तो आधी आणि जो मागे घेता येत नाही तो सर्वांत शेवटी, हा तो क्रम. आणि तो का पाळावा हे समजण्यासाठी अपडेट चालू असताना आत काय घडत असते ते पाहणे अगत्याचे आहे.

येथे मी विंडोज या कार्यप्रणालीविषयीच मुख्यतः लिहिणार आहे, कारण आपल्याकडील घरांत, पतपेढ्यांत, महाविद्यालयांच्या कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत जे संगणक आहेत त्यांतील फार मोठा भाग तिच्यावर चालतो. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षाविषयक दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र प्रसिद्ध करण्याचा परिपाठ ठेवला आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या दिवशी सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा अथवा साडेअकरा झालेले असतात. म्हणून त्या दुरुस्त्यांचा बरावाईट परिणाम आपल्या कचेऱ्यांत दिसू लागतो तो बुधवारी सकाळी व त्यानंतर.

कार्यप्रणाली ही हजारो फाइलींची मिळून झालेली असते, आणि संगणक चालू असताना त्यांपैकी कित्येक वापरात असल्यामुळे त्या जागच्या जागी बदलता येत नाहीत. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा ही आवृत्ती बाजारात आली तेव्हापासून विंडोजने यासाठी एक ठरीव व्यवस्था स्वीकारली आहे. नव्या फाइली प्रथम विनएसएक्सएस नावाच्या भांडारात जुन्या फाइलींच्या शेजारी आणून ठेवायच्या. कोणती फाइल कोठे बसवायची आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या दप्तरात, कोणते बदल करायचे याची यादी 'प्रलंबित' म्हणून लिहून ठेवायची. आणि संगणक बंद होताना व पुन्हा चालू होताना, फारसे काही वापरात नसते अशा संधिकाळात, ती यादी अमलात आणायची. जमिनीच्या दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही रीत अनोळखी वाटू नये. खरेदीखत झाले म्हणून तलाठी सात-बाऱ्यावर एकदम लेखणी चालवीत नाही. तो आधी फेरफार नोंदवहीत नोंद घालतो, हितसंबंधितांना नोटिसा जातात, मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो, आणि त्यानंतरच तिचा अंमल सात-बाऱ्याला दिला जातो. नोंद घातली गेली परंतु अंमल झाला नाही अशा मधल्या काळात जुना उतारा जसाच्या तसा असतो, आणि नोंद नामंजूर झाली म्हणून कोणाची जमीन नाहीशी होत नाही. अपडेटला अडकलेला संगणक पुष्कळदा अशाच मधल्या काळात थांबलेला असतो.

या व्यवस्थेच्या मुळाशी जो विचार आहे तो संगणकशास्त्रातील अत्यंत फलदायी विचारांपैकी एक होय. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात ती जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर पेढीच्या हिशेबाचे काय व्हावे, या प्रश्नातून तो पुढे आला. व्यवहार एक तर संपूर्ण व्हावा, नाही तर तो घडलाच नाही अशी स्थिती व्हावी, अर्धा व्यवहार कोठेही शिल्लक राहू नये, या तत्त्वाला शास्त्रशुद्ध रूप देण्याच्या कामात जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा असून, १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्याला याच क्षेत्रातील कार्याबद्दल मिळाले. विंडोजची अपडेटव्यवस्था हे तत्त्व पाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करते. तो प्रयत्न संपूर्णपणे यशस्वी होत नाही, कारण यंत्राच्या निरनिराळ्या भागांना चालविणारे ड्रायव्हर, मदरबोर्डावरील फर्मवेअर, संगणक सुरू करून देणारा डिस्कवरील छोटा विभाग, तसेच बाहेरच्या कंपन्यांच्या सुरक्षाप्रणाली, यांतील पुष्कळ गोष्टी त्या एका व्यवहाराच्या कक्षेबाहेर राहतात.

महिन्याच्या दुरुस्तीपेक्षा आवृत्ती बदलणारे मोठे अपडेट निराळ्या जातीचे असते. त्यात फाइलींची डागडुजी होत नाही. शेजारी संपूर्ण नवी विंडोज उभी केली जाते. यंत्र प्रथम एका लहानशा, स्वतंत्र बचाव-प्रणालीत शिरून जुनी विंडोज बाजूला सारते आणि नवी मांडते. मग नव्या विंडोजमध्ये पहिल्यांदा सुरू होऊन यंत्राच्या भागांशी ओळख करून घेते व त्यांचे ड्रायव्हर बसवते. आणि दुसऱ्यांदा सुरू होऊन वापरणाऱ्याची खाती व मांडणी नव्या घरात आणते. या तिन्ही टप्प्यांत काही बिघडले तर मागे फिरण्याची तरतूद असते. जुनी विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात राहते, आणि सर्व काही सुरळीत पार पडल्यावरही सामान्यतः १० दिवसांपर्यंत तिच्याकडे परतता येते. त्यानंतर ती आपोआप पुसली जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता अडकण्याची कारणे. डिस्कवर मोकळी जागा अपुरी असणे हे सर्वांत साधे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण होय. आवृत्तीबदलाच्या वेळी ०एक्ससी१९००१०१ या आकड्यांनी सुरू होणारा संकेत दिसला तर तो बहुधा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. जुनी फिरती हार्ड डिस्क झिजत आलेली असते, आणि एरवी कधी न वाचला जाणारा तिचा एखादा भाग अपडेटच्या वेळी वाचावा लागल्यामुळे आजवर झाकलेला दोष उघडा पडतो. भारनियमन हे कारण आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप गेलेले नाही. आणि कधी कधी दोष खुद्द अपडेटमध्येच असतो. फेब्रुवारी २००८ मध्ये व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकची पूर्वतयारी म्हणून पाठविलेल्या एका दुरुस्तीने कित्येक यंत्रे 'तीनपैकी तिसरा टप्पा, शून्य टक्के' एवढे दाखवून पुनःपुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यात सापडली, आणि मायक्रोसॉफ्टला तिचे आपोआप वाटप तहकूब करावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतील दोषांवरचा उतारा म्हणून आलेल्या अपडेटनंतर एएमडीच्या काही जुन्या प्रोसेसरांवर चालणारे संगणक सुरूच होईनात, तेव्हाही तसेच करावे लागले.

आकडा हलत नाही असे दिसल्याबरोबर बटण दाबून यंत्र बंद करणे हा पहिला मोह आवरला पाहिजे. टक्क्यांचा आकडा हे कामाचे खरे माप नव्हे. एका टक्क्यात पाच फाइली असतील, पुढच्या टक्क्यात पाच हजार. कमी मेमरीच्या आणि फिरत्या डिस्कच्या यंत्रावर मोठे अपडेट एका जागी दोन-तीन तास थबकलेले दिसणे मुळीच असाधारण नाही. एवढ्या अवधीत यंत्राची नाडी पाहावी. डिस्कचा लहान दिवा अधूनमधून लुकलुकत असेल, फिरत्या डिस्कचा बारीक खरखराट ऐकू येत असेल, तर काम चालू आहे असे समजावे. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का हेही पाहावे; तो प्रतिसाद देत असेल तर प्रणालीचा गाभा जिवंत असण्याचा संभव पुष्कळ असतो. दिवा विझलेला, डिस्क निःशब्द आणि कळ निरुत्तर, अशी स्थिती दीर्घकाळ टिकली तरच यंत्र खरोखर थिजले आहे असा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. तत्पूर्वी पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क, मेमरी कार्ड असे जे जे जोडलेले असेल ते काढून ठेवावे, कारण अशा एखाद्या उपकरणाच्या ड्रायव्हरची वाट पाहत सारे काम खोळंबलेले असण्याचे प्रसंग थोडे नाहीत. लॅपटॉप असेल तर तो विजेला जोडलेला आहे याची खात्री करावी; मुद्दाम लिहावे लागते, कारण घाबरलेला मनुष्य हीच गोष्ट विसरतो.

त्यानंतर मात्र बटण दहा-एक सेकंद दाबून यंत्र बंद करावे लागते, आणि ते करताना फार भ्यायचे कारण नाही. वर वर्णन केलेल्या प्रलंबित यादीचा उपयोग याच वेळी होतो. यंत्र पुन्हा सुरू झाले की ते ती यादी पाहते आणि एक तर राहिलेले काम पुरे करते, नाही तर केलेले बदल रद्द करीत असल्याचे पडद्यावर सांगून मागे फिरू लागते. हे मागे फिरणेही पुढे जाण्याइतकेच वेळखाऊ असते. या टप्प्यावर पुन्हा बटणाला हात लावणे हे पहिल्यापेक्षा अधिक धोक्याचे, आणि माझ्या मते अडकलेल्या संगणकांतील बरेचसे या दुसऱ्या उतावळेपणाने बिघडतात.

यंत्र पुन्हा त्याच पडद्याशी येऊन थांबले, तर बचाव-प्रणालीत शिरावे लागते. ही विंडोजच्याच डिस्कवर एका स्वतंत्र विभागात दडलेली असते, आणि विंडोज सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ दोनदा फसले की पुढच्या खेपेस ती आपण होऊन उभी राहते. म्हणून सुरुवातीचे चिन्ह दिसताच बटण दाबून यंत्र बंद करणे, असे दोनदा केल्यावर तिसऱ्यांदा निळा पडदा येतो व त्यावर 'ट्रबलशूट' आणि त्याखाली 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ही दारे दिसतात. येथे उपायांची जी मांडणी आहे ती पाहून जे प्रथम दिसेल ते दाबू नये. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा मार्ग प्रथम घ्यावा. त्यात शेवटची मासिक दुरुस्ती काढून टाकणे आणि शेवटचे आवृत्तीबदलाचे अपडेट काढून टाकणे असे दोन पर्याय असतात, आणि दोन्हींत आपल्या खासगी फाइलींना हात लागत नाही. त्याने भागले नाही तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करून पाहावे. सेफ मोडमध्ये विंडोज केवळ अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन उठते. तेथे ती व्यवस्थित उठली तर दोष गाभ्यात नसून बाहेरच्या एखाद्या ड्रायव्हरात किंवा सुरक्षाप्रणालीत आहे असा दाखला मिळतो, आणि अर्धे निदान तेथेच होते. पुष्कळदा एकदा सेफ मोडमध्ये येऊन पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू केल्याने अडलेले अपडेट मार्गी लागते. 'सिस्टिम रिस्टोअर' हाही निरुपद्रवी उपाय आहे, मात्र पूर्वी त्याची सोय चालू ठेवलेली असेल तरच.

दोष वरवर दिसतो तेथेच असतो असे नाही, याचे एक उदाहरण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. जानेवारी २०१० मध्ये गूगलमधील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी याने विंडोजच्या गाभ्यातील एक उणीव प्रकट केली. ती १९९३ च्या विंडोज एनटीपासून, म्हणजे तब्बल १७ वर्षे, तेथे होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मायक्रोसॉफ्टने तीवरची दुरुस्ती पाठविली, आणि लगोलग विंडोज एक्सपीवर चालणारे कित्येक संगणक निळा पडदा दाखवून कोसळू लागले. ते सेफ मोडमध्येही उठत नव्हते. जो तो दुरुस्तीला दोष देऊ लागला, आणि मायक्रोसॉफ्टनेही दोन दिवसांत तिचे आपोआप वाटप थांबविले. तपासाअंती निघाले ते असे की त्या यंत्रांत ॲल्युरियन नावाचा एक छुपा शत्रू, ज्याला जाणकार रूटकिट म्हणतात तो, आधीपासून मुक्काम करून होता. त्याने यंत्राचा डिस्क चालविणारा ड्रायव्हर दूषित केला होता, आणि गाभ्यातील विशिष्ट कार्ये कोणत्या पत्त्यावर आहेत ते पत्ते आपल्यात कायमचे कोरून ठेवले होते. दुरुस्तीने गाभा बदलताच ते पत्ते सरकले. शत्रूने जुन्या पत्त्यावर हाक मारली, तेथे भलतेच काही होते, आणि यंत्र कोसळले. दूषित ड्रायव्हर डिस्कचाच असल्याने सेफ मोडलाही त्याच्यावाचून गत्यंतर नव्हते. मार्चच्या आरंभी मायक्रोसॉफ्टने यंत्र दूषित आहे काय याची आधी तपासणी करण्याची तजवीज जोडून ती दुरुस्ती पुन्हा वाटण्यास घेतली. या प्रकरणावरून मी एवढेच घेतो की निरोगी यंत्रावर बिनबोभाट बसणारे अपडेट एखाद्याच यंत्रावर वारंवार फसत असेल, तर त्या यंत्राची स्वच्छता, डिस्कचे आरोग्य आणि आतील परकी प्रणाली यांची चौकशी केल्याविना अपडेटला दोषी ठरवू नये.

बचाव-प्रणालीत शिरताना आजकाल एक नवे कुलूप आडवे येते. बिटलॉकर अथवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने डिस्कवरील सर्व मजकूर गूढ लिपीत ठेवण्याची सोय नव्या यंत्रांत पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू झालेली असते, आणि ४८ अंकांची रिकव्हरी की दिल्याशिवाय बचाव-प्रणालीला ती डिस्क उघडता येत नाही. ९ जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतर काही संगणकांवर हा किल्ली मागणारा पडदा विनाकारण उभा राहू लागला होता, तो दोष पुढच्या महिन्यात दूर झाला. त्याच महिन्यात, १९ जुलैला, जे घडले ते त्याहून फार मोठे होते. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षाप्रणालीसाठी पाठविलेल्या एका लहानशा फाइलीत २१ नोंदींची अपेक्षा होती आणि ती वाचणाऱ्या भागाकडे २० च पुरविल्या जात होत्या. त्या एकविसाव्या नोंदीच्या शोधात वाचणारा भाग स्मृतीच्या हद्दीबाहेर गेला आणि सबंध विंडोज कोसळली. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी निघालेली ती फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली, परंतु तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे बंद पडली होती, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय एका वाक्यात सांगता येण्याजोगा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढून टाका. परंतु तो करण्यासाठी बहुतेक यंत्रांपाशी प्रत्यक्ष मनुष्य जावा लागला, आणि जेथे बिटलॉकर होते तेथे त्याच्या हाती ती ४८ अंकी किल्ली असावी लागली. घरगुती यंत्राची ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते, आणि दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. यंत्र धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून इतर महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी, कारण ती हरवली तर मायक्रोसॉफ्टलाही ती डिस्क उघडून देता येत नाही.

वरील उपाय निष्फळ ठरले की कमांड प्रॉम्प्टकडे वळावे लागते, आणि तेथे सर्वांत आधी दुरुस्ती न करता आपल्या फाइलींची बाहेर काढणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 'चेकडिस्क'सारखी आज्ञा डिस्कच्या सबंध पृष्ठावरून फिरते, आणि डिस्क मरणपंथाला लागलेली असेल तर त्या श्रमानेच ती अखेरची बसण्याचा संभव असतो. बचाव-प्रणालीच्या त्या काळ्या चौकटीत 'नोटपॅड' एवढेच टंकले तर नोटपॅड उघडते. त्याच्या फाइल उघडण्याच्या खिडकीतून सर्व डिस्का व फोल्डर दिसतात, आणि तेथूनच उजव्या कळीने नक्कल करून फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवता येतात. येथे डिस्कांची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीची सी येथे डी म्हणून दिसेल, म्हणून आतले फोल्डर पाहूनच ओळख पटवावी. किंवा उबंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून हेच काम अधिक सोयीने होते. फाइली हाती आल्या की मन स्थिर होते, आणि स्थिर मनाने पुढचे उपाय करता येतात: प्रथम 'डिसम' या साधनाची प्रलंबित बदल मागे घेण्याची 'रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स' ही आज्ञा, जी अशा न उठणाऱ्या विंडोजसाठीच निर्माण केलेली आहे, मग 'चेकडिस्क', मग बिघडलेल्या मूळ फाइली पुन्हा बसविणारी 'एसएफसी'. कोठे तरी वाचलेली आज्ञा अर्थ न समजता टंकू नये, विशेषतः 'डिस्कपार्ट'च्या आज्ञा, कारण त्यातील 'क्लीन' हा एकच शब्द डिस्कची सगळी विभागणी पुसून टाकतो.

आपल्याकडे मात्र होते ते उलट. संगणक दुकानात नेला की पाहणारा मुलगा दोन मिनिटांत 'विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल' असे सांगतो, आणि ज्याला त्यातले काही कळत नाही तो मान डोलावतो. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दिवसभरात पुष्कळ यंत्रे निपटायची असतात, आणि नवी विंडोज टाकणे हा त्याच्या दृष्टीने सर्वांत खात्रीचा व वेळेत बसणारा मार्ग असतो. परंतु मालकाने त्याला स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे की डेटा आधी बाहेर काढला का, आणि डी ड्राइव्हलाही हात लागणार आहे का. विंडोजमध्येच 'रिसेट धिस पीसी' नावाचा पर्याय असून, त्यात आपल्या फाइली ठेवून केवळ कार्यप्रणाली नव्याने बसविता येते. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरे त्यात जातात, फोल्डरांतला मजकूर राहतो. तरीही नक्कल काढल्यावाचून हा मार्ग धरू नये. अपडेट खासगी फाइलींना शिवत नाही हा सामान्य नियम असला तरी त्याला अपवाद घडलेला आहे: २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीने काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आदी फोल्डरांतील फाइली खरोखरच पुसल्या, तिचे वाटप काही दिवसांतच थांबवावे लागले, आणि ती पुन्हा बाहेर पडली ती १३ नोव्हेंबरला. ज्यांच्याजवळ दुसरीकडे नक्कल होती त्यांचेच काम तेव्हा अडले नाही.

बचाव-प्रणालीवरही आंधळा भरवसा टाकता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिच्याच सुरक्षेसाठी आलेली एक दुरुस्ती असंख्य यंत्रांवर बसेना, कारण बचाव-विभागात तीसाठी लागणारी मोकळी जागाच नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या बचाव-प्रणालीत यूएसबीचा कीबोर्ड व माउस चालेनासे झाले. दार उघडे, पण आत हात चालत नाही अशी ती स्थिती सहा दिवसांनी, २० तारखेला निघालेल्या तातडीच्या दुरुस्तीने निवळली. यासाठी किमान ८ जीबीचा एक बूटेबल पेनड्राइव्ह घरात अथवा कचेरीत बनवून ठेवावा. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल तो विनामूल्य करून देते, आणि त्यावरून यंत्र सुरू केले की डिस्कवरच्या बचाव-प्रणालीवाचूनही वरची सारी साधने हाती येतात.

अन्य प्रणालींनी या संकटावर जे इलाज शोधले ते पाहिले म्हणजे विंडोजची अडचण अधिक स्पष्ट होते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून पुष्कळ फोनांत कार्यप्रणालीचे दोन सारखे विभाग असतात. एक चालू असताना नवे अपडेट दुसऱ्यावर उतरते, आणि नवे उठले नाही तर फोन निमूटपणे जुन्याकडे परततो. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत सुरुवातीच्या यादीत मागचा कर्नेल राखून ठेवलेला असतो. विंडोजला हे तितके सुलभ नाही, कारण दशकांपूर्वीच्या प्रिंटरपासून परवाच्या ग्राफिक कार्डापर्यंत अगणित कंपन्यांची यंत्रे तिला सांभाळावी लागतात, आणि त्या प्रत्येकाचा ड्रायव्हर गाभ्याच्या निकट वावरतो. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली 'क्विक मशीन रिकव्हरी' ही योजना २०२५ मध्ये विंडोज ११ त आली. तीत न उठणारे यंत्र बचाव-प्रणालीतूनच इंटरनेटला जोडून घेऊन स्वतःवरचा उपाय शोधते. हे पाऊल मला फार मोलाचे वाटते, कारण जाणता मनुष्य ज्यांच्या आसपास नाही अशांना त्याचा आधार सर्वांत अधिक.

यंत्र एकदा उठले की ते पूर्ववत झाले असे मानून लगेच कामाला लागणे बरे नव्हे. फसलेले अपडेट पुन्हा आपोआप उतरून त्याच जागी अडकेल. प्रथम सेटिंगांतून अपडेट आठवडाभर थांबवावीत, अपडेटच्या इतिहासात कोणते फसले व कोणता संकेत दिला ते टिपून घ्यावे, सी ड्राइव्हवर वीस-पंचवीस जीबी तरी जागा मोकळी करावी, यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून ग्राफिक, वाय-फाय व डिस्कचे ड्रायव्हर नवे आणावेत, आणि बाहेरची सुरक्षाप्रणाली असेल तर ती तात्पुरती काढून ठेवावी. अर्धवट उतरलेल्या फाइली 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' या फोल्डरात साचलेल्या असतात. अपडेटची सेवा बंद करून त्या फोल्डराचे नाव बदलले की विंडोज तो नव्याने निर्माण करते. मग सुटीच्या दिवशी सकाळी, विजेची खात्री असताना, अपडेट पुन्हा चालू करावे. ज्यांचे यंत्र विंडोज १० वर आहे त्यांना वेगळा निर्णय घ्यावा लागेल, कारण तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे; आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ चढविण्याचा प्रयत्न करायचा झालाच, तर आधी संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून ती उघडते की नाही हे तपासून घ्यावे.